सोमवारी बसवलेलं कुलूप

सोमवारी सूर्य मावळेपर्यंत कल्याणी शेटे एक शब्द बोलत नसे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी धरलेला नेम. ताप आला, पाहुणे आले, दारात भाऊबंदकी झाली, तरी मोडला नव्हता. भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्या पेठेला ते ठाऊक होतं. ओट्याच्या कडेला पाटी आणि खडू असे. फारच अडलं तर त्यावर लिहायचं, नाहीतर मानेवर भागवायचं. संध्याकाळी शंकरापुढे दिवा लावला की मौनही सुटे आणि उपवासही.

त्या सोमवारी सकाळची पूजा आटोपून ती उठली, तर तिचा नवरा महेश हातात फोन धरून देवघराच्या दारातच उभा.

"हे तू कधी सांगितलंस?"

फोनवर ती स्वतःच होती. तीच हिरवी इरकल, कपाळावर तीच विभूती, मागे तोच ओटा. आवाजही तिचाच, मऊ, वाक्याच्या शेवटी जरा खाली बसणारा.

"बायांनो, आज कडक व्रत सांगते," पडद्यावरची कल्याणी म्हणत होती. "सात दिवसांचं साखरमुक्ती व्रत. एक वेळ फळ, आणि साखरेची गोळी, सुई, सगळं बंद. शंकरावर भार टाकायचा. सिद्धजलाची कुपी घरपोच येईल, फक्त नोंदवून ठेवा. आणि एक ऐका. हे व्रत मोडावं म्हणून माझ्या आवाजात फोन येतील, घरी माणसं येतील. भुलू नका."

कल्याणीने पाटी ओढली. 'मी नाही' एवढंच लिहिलं आणि खडू मोडला.

'अंगण' या समाजमाध्यमावर तिचं 'अक्कांचा उपवास' नावाचं खातं होतं. भगर, राजगिरा, शिंगाड्याचे पदार्थ, सोबत त्या दिवसाची कहाणी. उदगीर, उमरगा, इंडी, विजापूर, कुठकुठल्या लाखभर बायका ते बघत आणि तिला कल्याणीअक्का म्हणत. शनिवारी सकाळी 'खात्याचं नूतनीकरण करा' असा निरोप आला होता, आणि पूजेच्या गडबडीत तिने तो दाबला होता. रविवारी खातं उघडेना, तेव्हा तिला वाटलं, रेंज नसेल. चोरांनी तिला बाहेर काढून आतून कडी घातली होती, आणि ते व्रत शनिवार रात्रीपासून घरोघर बोलत होतं.

तिने महेशच्या फोनवर खालच्या प्रतिक्रिया वाचायला घेतल्या. कुणी हात जोडले होते, कुणी कुपी नोंदवली होती. आणि मध्येच शालनकाकू. उमरग्याच्या शालन मोरे, एकट्या राहणाऱ्या, रोज सकाळी 'ओम नमः शिवाय अक्का' लिहिणाऱ्या. इन्सुलिनच्या सुईवर दहा वर्षं काढलेल्या. त्यांनी लिहिलं होतं: 'अक्का, शनिवारपासून सुई बंद केली. आज जरा मळमळतंय आणि तहान खूप. पण तुम्ही आहात.'

कल्याणीने काकूंचा नंबर लावला, आणि घंटा वाजत असताना तिच्या लक्षात आलं, की आता बोलावं लागणार. पलीकडे "हॅलो" आलं आणि सोमवारचा नेम तिथेच मोडला.

"शालनकाकू, मी कल्याणी बोलतेय, सोलापूरहून. ते व्रत माझं नाही ओ. आधी सुई घ्या."

पलीकडे घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज आला.

"आवाज हुबेहूब काढलास बाई," काकू म्हणाल्या. जीभ जड लागत होती त्यांची. "पण अभ्यास कच्चा राहिला तुझा. आमच्या अक्का सोमवारी बोलत नाहीत."

आणि फोन बंद.

तिने पुन्हा लावला, तर नंबर अडवलेला. पोलिसांच्या सायबर विभागाला लावला, तर तक्रार नोंदवल्याचं यंत्राने गोड आवाजात सांगितलं. महेश एव्हाना चपला घालत होता.

"मी उमरग्याला जातो. दोन तासांचा रस्ता. पण कल्याणी, या एका काकू झाल्या. बाकीच्यांच्या दारात कोण जाणार? खातं हातात घे तू."

*

पासवर्ड नावाची वस्तू जगातून उठून गेली, त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. यंत्रं एवढी हुशार झाली की माणसाच्या डोक्यात मावेल असा कुठलाही शब्द ती चहा गाळेपर्यंत ओळखू लागली. मग बोटांचे ठसे आले, ते काचेच्या पेल्यावरून उचलले गेले. मग चेहरा, मग आवाज. पण चेहरा आणि आवाज तर यंत्रंच घडवू लागली. शेवटी शास्त्रज्ञांनी उरलेल्या एकाच जागी कुलूप बसवलं, ती म्हणजे ओळख.

आपण एखादी परिचयाची गोष्ट पाहिली, की साधारण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते. आपण 'अरे, हे तर आपलं' असं म्हणायच्या आधीच ती उठून गेलेली असते. ती दाबता येत नाही. अनोळखी वस्तूवर तशीच लाट उठवताही येत नाही. हे विज्ञानाला गेल्या शतकापासून ठाऊक होतं. नवं आलं ते कपाळाला बांधायच्या पट्टीएवढं यंत्र. खातं उघडताना ते समोर बसलेल्या माणसाला त्याच्या घरच्या फोटोंतून वेचलेली शेकडो चित्रं दाखवी, त्यांत परक्यांची मिसळून, आणि कशावर लाट उठते ते टिपून ठेवी. तोच त्या खात्याचा मूळ ठसा. नेमकी कुठली चित्रं किल्ली झाली, हे माणसालाही कळत नसे, म्हणून ती कुणाला सांगता येत नसत की कुणाला चोरता येत नसत.

रोजच्या वापराला पट्टी लागत नसे. एकदा उघडलेला फोन उघडाच राही, आणि चोर शिरले ते त्याच दारातून. पण खातं चोरीला गेलं, तर 'ओळखघरा'त जायचं, मूळ ठसा पटवायचा, की आत शिरलेले सगळे आपोआप बाहेर फेकले जात आणि नवं कुलूप बसे. पाच मिनिटांचं काम.

ओळखघरात कल्याणीला पाच मिनिटंही लागली नाहीत.

"उठत नाही हो," तिथले देशमाने म्हणाले. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांच्या पडद्यावरची हिरवी रेघ तव्यासारखी सपाट होती. "पुन्हा बघा. मन स्थिर ठेवा."

चित्रं पुन्हा सरकली. एक दगडी पायरी, तिच्यावर एक कान तुटलेलं कुत्रं. एका विहिरीचा काठ. शाळेच्या भिंतीवरचा अर्धा पुसलेला हत्ती. कुणा म्हाताऱ्याचा फेटा. कल्याणी डोळे ताणून बघत राहिली. यातलं काहीच तिचं नव्हतं.

"हे खातं तुमचं नाही, ताई."

"असं कसं? माझा चेहरा आहे की त्याच्यावर."

"चेहरा तुमचाच. मी काय, आमची मंडळी रोज बघते तुम्हाला. पण कुलूप दुसऱ्या कुणाचं आहे. लावताना कोण बसलं होतं?"

आणि मग तिला तो दिवस आठवला. अंगणचा माणूस पट्टी घेऊन घरी आला होता. यंत्र सुरुवातीला नाव विचारी, मोठ्यांदा 'होय' म्हणायला लावी. नेमका सोमवार होता. कल्याणीने ओठांवर बोट ठेवलं होतं, आणि पाटीसुद्धा न घेता धाकट्या जावेला खुणेनं बोलावलं होतं. तृप्ती ओल्या हातांनी आली, पदराला हात पुसले, बसली. "होय," म्हणाली. घरात काही परकं होतं का? एकच चूल होती.

आता ती पायरी कुठली तेही कळलं. तृप्तीच्या माहेरची, अक्कलकोटची असणार. इतकी वर्षं एका चुलीवर काढली, आणि कल्याणी तिथे कधी गेलीच नव्हती.

तिच्या फोनवर महेशचा निरोप आला. नळदुर्ग ओलांडलं होतं.

*

तृप्ती वेगळी झाली, त्याचं कारण सांगायला घ्यावं तर एका वाक्याएवढं होतं. एका मोठ्या कार्यक्रमात कल्याणीचा सत्कार झाला. निवेदिकेने विचारलं, अक्का, एवढ्या पाककृती, हे सगळं करतं कोण? कल्याणीने हात जोडले आणि म्हणाली, सगळी शंकराची कृपा. समोर पहिल्या रांगेत तृप्ती बसली होती. चित्रफितीत तोंड कल्याणीचं असे, कहाणी कल्याणीची असे. खाली परातीत भगर निवडणारे, थालीपीठ थापणारे हात तृप्तीचे असत. घरी येऊन तृप्ती एवढंच म्हणाली होती, "शंकर येऊन भगर निवडत होता, मला दिसला कसा नाही?" महिनाभरात दिराने विद्यापीठाच्या रस्त्याला जागा घेतली. तिथे तिची मेस चालत होती.

कल्याणी रिक्षातून उतरली तेव्हा जेवणाची ऐन गर्दी होती. तृप्ती तव्यासमोर, गुडघ्यापर्यंत साडी खोचलेली. उजव्या मनगटावर जुना भाजल्याचा डाग, पानाच्या आकाराचा. मोठी जाऊ दारात दिसली, तरी तिने भाकरी उलटली आणि मगच वर पाहिलं.

"या. ताट वाढू? अरे हो, सोमवार. पाटी आणलीय का?"

"तृप्ती, माझ्याबरोबर चल," कल्याणी म्हणाली.

तृप्तीच्या हातातलं उलथणं थांबलं. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे.

"कोण गेलं?"

"कुणी नाही अजून."

"मग सोमवारी भरदुपारी बोलताय तुम्ही?"

कल्याणीने सांगितलं. उभ्याउभ्या, तुटक, कारण सोमवारी बोलायची तोंडाला सवय नव्हती. ज्या मोडलेल्या नेमामुळे शालनकाकूंनी फोन आपटला होता, त्याच मोडलेल्या नेमामुळे तृप्तीने पुढचं काही विचारलं नाही. तव्याखालचा गॅस बंद केला, मदतनीस बाईला म्हणाली, "रुक्मिणी, आमटी वाढ, भाकऱ्या झाकून ठेव." मग थोडं थांबून दोन भाकऱ्या आणि आमटीचा डबा पिशवीत टाकला.

"मी सकाळपासून जेवले नाही. तिथे किती वेळ लागेल कुणास ठाऊक," ती म्हणाली. "आणि अक्का, मी त्या काकूंसाठी येतेय. तुमच्या खात्यासाठी नाही."

"होय."

"बजावून ठेवलेलं बरं."

रिक्षात दोघी दोन कडांना बसल्या. मधे डबा.

*

तृप्तीच्या कपाळाला पट्टी बांधली आणि पडद्यावरची रेघ वेडीवाकडी नाचू लागली. देशमाने खुर्ची पुढे ओढून बसले.

"ठसा यांचाच दिसतोय. पण लाट वाचता येत नाही. ताई, डोक्यात फार काही चाललंय तुमच्या. राग, काळजी, काय असेल ते. हे यंत्र म्हणजे भरल्या बाजारात कुजबुज ऐकण्यासारखं आहे. बाजार शांत व्हायला हवा."

"शांत कसा होणार? बाई मरायला टेकलीय तिकडे."

"एकाच माणसाचं तीन वेळा चुकलं, तर उद्यापर्यंत बंद होतं हो. एकदा झालंय."

तृप्तीने डोळे मिटून श्वास घेतला. रेघ नाचतच राहिली. दुसऱ्यांदाही लाल खूण आली.

"बाहेर बसा तुम्ही," तृप्ती कल्याणीला म्हणाली. "तुम्ही समोर असलात की ते सगळं आठवतंय मला. हॉलमध्ये टाळ्या वाजतायत आणि तुम्ही हात जोडून उभ्या."

कल्याणी बाहेर गेली. पायऱ्यांवर उभी राहून तिने मनातल्या मनात पंचाक्षरी सुरू केली, पण ती मध्येच तुटत होती. महेशचा फोन आला. तो पोचला होता. "दार उघडत नाहीत. म्हणतात, त्या खोट्या बाईने माणूस धाडलाय. आतून आवाज फार बारीक येतोय, कल्याणी. मी शेजाऱ्यांना गोळा करतोय, पण त्यांचंही म्हणणं, म्हातारी ऐकत नाही कुणाचं."

फाटकाशी एक बाई हातगाडीवर ओल्या शेंगा विकत होती. कल्याणीची नजर त्या शेंगांवर गेली आणि तिथेच थांबली. सासऱ्यांच्या आजारपणात दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळं घर येरझाऱ्या घालत होतं, तेव्हा तृप्ती कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होती. ढीगच्या ढीग. कुणीतरी म्हणालं होतं, हिला काही वाटत नाही का? वाटत होतं. हात चालले, की तिचं डोकं थांबायचं. हे कल्याणीला तेव्हाच कळलं होतं, पण कधी उपयोगाला आणलं नव्हतं.

तिने पदरात शेंगा घेतल्या आणि आत येऊन तृप्तीच्या मांडीवर ओतल्या.

"हालचाल चालणार नाही," देशमाने म्हणाले.

"मान नाही हलणार तिची. बोटांचं तिच्या डोक्याला कळत नाही, तुम्ही बघा."

तृप्तीने जावेकडे पाहिलं. एक शेंग उचलली, अंगठ्याने फोडली, दाणे ओंजळीत टाकले. दुसरी. तिसरी. पडद्यावरची रेघ हळूहळू खाली बसली, जशी उतू जाणाऱ्या दुधावर पाण्याचा हात मारावा.

दगडी पायरी आली. लाट उठली, स्वच्छ, उंच.

विहीर. हत्ती. म्हाताऱ्याचा फेटा, लाट. तृप्ती नुसती शेंगा सोलत होती आणि डोळे कोरडे ठेवत होती. मग एक चित्र आलं ते कल्याणीनेही ओळखलं. ओट्याच्या कडेला टेकवलेली पाटी. त्यावर तिच्याच अक्षरात, 'तृप्ती, जेवून घे.' लाट इतकी उंच गेली की देशमान्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

खूण हिरवी झाली. आत शिरलेले बाहेर फेकले गेले. खोटं व्रत पडद्यावरून पुसलं गेलं.

"आता नवं कुलूप," देशमाने म्हणाले. "एकाच माणसाचं बसतं. खातेदार कोण, ते ठरवून पट्टी घ्या."

तृप्तीने पट्टी काढून कल्याणीपुढे धरली. कल्याणीने ती घेतली, हातात फिरवली, आणि परत तिच्याच कपाळाला बांधून मागची गाठ घट्ट केली.

"अक्का, शंकराची कृपा वगैरे म्हणू नका आता."

"नाही म्हणत. लिहा ओ देशमाने, तृप्ती शेटे."

*

पण व्रत पुसलं म्हणून डोक्यातून जातं थोडंच. नव्या कुलपानंतरच्या पहिल्या निरोपावर अंगण एक छोटी पणती लावत असे. खातं आत्ताच खऱ्या माणसाने उघडलंय, याची खूण. ही पणती एकदाच मिळणार होती. कल्याणीने फोन समोर धरून घसा साफ केला.

"थांबा," तृप्ती म्हणाली. "तुम्ही बोललात की संपलं. सोमवार आहे. सकाळी काकूंनी काय केलं?"

"मग?"

"तुम्ही गप्प बसा. ते तुम्हाला येतं."

तिने टेबलावर डबा उघडला. फोन असा टेकवला, की त्यात नेहमीसारखीच चौकट यावी: वर कल्याणी, खाली टेबल. आणि त्या चौकटीत आपले दोन्ही हात पुढे घेतले. नखांत शेंगांची माती, अंगठ्यावर भाकरीचं पीठ, मनगटावर पानाच्या आकाराचा डाग. शनिवारच्या खोट्या चित्रफितीत चेहरा होता, आवाज होता, विभूतीसुद्धा होती. हात नव्हते. चोरांना ते लागतील असं वाटलंच नव्हतं.

"बायांनो, माझा आवाज तुम्ही कधी ऐकला नाही," तृप्ती म्हणाली. "मी तृप्ती. पण हे हात ओळखता तुम्ही. तुमची पहिली भगर यांनीच निवडलीय. परवाचं ते व्रत अक्कांनी सांगितलेलं नाही. चोरांनी सांगितलंय. सुई घ्या, गोळी घ्या, घरातल्या माणसांना सांगा, दवाखान्यात जा. अक्का आज बोलणार नाहीत, सोमवार आहे. पण बघा त्या काय करतायत."

तिने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि वर नेला. कल्याणी क्षणभर थबकली. इतक्या वर्षांत सोमवारी दिवा लागायच्या आधी अन्नाचा कण तिच्या जिभेवर आला नव्हता, आणि बघणाऱ्या प्रत्येकीला ते ठाऊक होतं. तिने मनात नमस्कार केला, तोंड उघडलं आणि घास घेतला. नीट चावला. गिळला.

तृप्तीने लगेच दुसरा पुढे केला. "तिखट झालीय का?" ती सवयीने म्हणाली, आणि ते तसंच गेलं.

पणती लागली. निरोप गेला. मग दोघी बसून राहिल्या. देशमान्यांनी पाणी आणून ठेवलं, ते कुणी प्यायलं नाही. प्रतिक्रिया येऊ लागल्या होत्या, भराभरा, पण त्यात शालन मोरे हे नाव नव्हतं. तृप्ती उरलेल्या शेंगा सोलू लागली. कल्याणीने न विचारता तिच्यासमोर बसून मूठभर घेतल्या. तिला पटपट सोलता येत नव्हत्या.

महेशचा फोन वाजला तेव्हा कल्याणीने तो टेबलावर ठेवूनच उघडला.

"दार उघडलं," महेश म्हणाला. त्याला धाप लागली होती. "शेजारच्या पोरीने खिडकीतून तुमची चित्रफीत दाखवली त्यांना. शेजारचे डॉक्टर आलेत, सुई दिलीय, सलाइन लावून गाडीत घालतायत. म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर अवघड होतं. थांब, त्या फोन मागतायत."

सरसर आवाज आला. मग शालनकाकूंचा, फुटलेला, दूरचा.

"अक्का. हात ओळखले मी. तो डाग आषाढातल्या पुरणपोळीच्या वेळचा, बघत होते मी तेव्हा. घात झाला असता बाई माझा."

कल्याणी पुढे वाकली. तिच्या ओठांवर शब्द आलेच होते.

"नका, बोलू नका," काकू म्हणाल्या. "सोमवार आहे."

कल्याणीने तोंड मिटलं. टेबलापलीकडून तृप्तीने भाकरीचा उरलेला तुकडा तिच्याकडे सरकवला, आणि फोनकडे वाकून म्हणाली,

"ऐकतायत हो त्या, काकू. मान हलवतायत."